कुलपाआडची आंबील

कुलूप बाहेरून होतं आणि मी आत होते. खिडकी लावलेली, पंखा बंद, दिवा बंद. येळवसचा, वेळा अमावस्येचा दिवस, ऊन वर आलेलं. संडास अंगणाच्या कोपऱ्यात आणि मला कुलूप लागल्यापासून जायचं होतं. या वयात ते काही आपल्या हातात राहत नाही. शेवटी धुण्याची बादली ओढली, आवाज होऊ नये म्हणून तळाला एक फडकं टाकलं आणि लुगडं वर करून बसले. तेवढ्यात खिडकीपाशी पावलं वाजली.

घरमालकीण होती, आणि तिच्या मागं तिची जाऊ. शेतात जायला सगळं घर टेम्पोत बसलेलं होतं, पोरं ओरडत होती.

"कुलूप हाय की. गेल्या सकाळच्या गाडीनं," मालकीण म्हणाली. "चल बाई, तिकडं हॉर्न वाजवून बॅटरी उतरवतील."

"अक्का, थांबा जरा. वास कशाचा येतोय?"

"कशाचा?"

"आंबिलीचा. लसणाची फोडणी हाय."

"आपलीच असंल. सांडली असंल तुझ्या पदरावर."

"माझ्या पदराचा वास मला कळत न्हाय व्हय? ह्या खिडकीतनं येतोय."

मालकिणीनं खिडकीच्या फटीला नाक लावलं. तिची चमकी मला आतून दिसली. मी बादलीवर, लुगडं मुठीत धरलेलं, आणि ती हातभर अंतरावर उभी राहून हुंगत होती. श्वास सोडायची सोय नव्हती.

"व्हय की गं," ती म्हणाली. "गावाला गेलेल्या माणसांच्या घरात आंबील कशी?"

आयुष्यात माझं पुष्कळ वाईट झालं. नवरा गेला, एक लेक गेली. पण त्या वेळी चार माणसं भोवती होती. असं एकटीनं, अंधारात, चोरासारखं बसायची पाळी कधी आली नव्हती. आणि पकडले गेले तर माझं काही जाणार नव्हतं. जाणार होतं ते माझ्या नातीचं.

आमचं गाव मुरुमच्या अंगाला. कर्नाटक तिथून जवळ, म्हणून घरात कानडी आणि बाजारात मराठी. मी चौथीपर्यंत शिकले. नात रसायनशास्त्र घेऊन एम.एस्सी. झाली. आमच्या भावकीत एवढं कुणी शिकलेलं नाही. पण शिकून झाल्यावर तिला गावात काय काम? महिनाभर घरात बसली तर येणारी जाणारी बाई विचारायची, "झालं का शिकून? मग आता?" ते 'मग आता' तिला झोंबायचं. ती म्हणाली, धाराशिवला जाते, जिल्ह्याचं गाव आहे, काहीतरी मिळेल. एसटीवर धाराशिव लिहिलेलं असतं, माझ्या तोंडात अजून उस्मानाबादच येतं.

माझा मुलगा वाईट माणूस नाही. पण एकटी पोर परगावी ठेवायची त्याची तयारी नव्हती. त्यानं मला विचारलं, "अव्वा, तू जातीस का तिच्याबरोबर? तू असलीस तर राहू दे. तू माघारी आलीस की ती पण माघारी येईल. मग मी सांगेन तिथं लग्न."

मी काही बोलायच्या आत नातीनं माझी दोन लुगडी तिच्या बॅगेत भरली होती.

असं ठरलं. मी टिकले तर ती टिकणार. मी कंटाळले, आजारी पडले, घरची आठवण काढून रडले, तर तिचं तिथलं सगळं बंद. हे आम्हाला दोघींनाही पक्कं माहीत होतं आणि त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

खोली घरमालकांच्या मागच्या अंगणात. एक दार, एक खिडकी, पत्र्याचं छप्पर. नळाला पाणी आठवड्यातून एकदा. मालकिणीचं माहेर आणि माझ्या सुनेचं माहेर एकाच गावचं, त्या ओळखीवर ती मिळाली. ओळखीची खोली म्हणून मुलगा निश्चिंत होता. आम्हाला मात्र त्या ओळखीचा जाच होता. सकाळी इथं काही झालं की संध्याकाळपर्यंत फोन फिरून ते गावात पोचायचं.

पहिले काही महिने नात रोज बाहेर पडायची. शाळा, कॉलेज, औषधांची दुकानं, रक्त तपासायच्या लॅब. सगळीकडं एकच उत्तर, "कळवतो." कुणी कळवलं नाही. मी दिवसभर खोलीत. सकाळी अंघोळ, लिंगपूजा, दोन भाकरी, की मग दिवस मोकळा. मोकळा दिवस काय असतो ते मला तिथं कळलं. गावात मी कधी मोकळी नव्हते. भुईमुगाच्या शेंगा फोड, निवडण कर, कुणाचं पोर धर. इथं पायरीवर बसायचं. समोरच्या भिंतीला पोपडे धरले होते, ते बघायचे. गल्लीतून बाया जायच्या, माझ्याकडं बघायच्या आणि विचारायच्या, "कोण पाहिजे?" मला कुणी नको होतं, मी तिथंच राहत होते.

महादेवाच्या देवळात जाऊन बसले काही दिवस. तिथं बायकांचे घोळके ठरलेले. सरकून जागा द्यायच्या, पण बोलणं त्यांचं आपापसात. एकीनं विचारलं, "आजी, कुठल्या?" मी सांगितलं, मुरुमकडची. ती म्हणाली, "म्हंजे कानडी." आणि तोंड फिरवून दुसरीशी तुरीच्या भावाचं बोलायला लागली. मला राग आला नाही. पण परत गेले नाही.

सगळ्यात जास्त उणं भासलं ते कानडीचं. साठ वर्षं जी भाषा तोंडात होती ती दिवसभर वापरायला मिळेना. नात कानडी बोलायची, पण ती संध्याकाळी यायची तेव्हा तिला बोलायचंच नसायचं. हातपाय धुवायची, जेवायची, कानात ते वायरचं बोंड घालून पुस्तक उघडायची, आणि मग भिंतीकडं तोंड करून पडायची. मी विचारायचे, "काय झालं आज?" ती म्हणायची, "काही न्हाय." तेवढ्याला काही कानडी लागत नाही. एका खोलीत आम्ही दोघी एकट्या राहत होतो.

मग एकदा ती म्हणाली, "लागली नोकरी." कुठं, तर दवाखान्यात. काय काम, तर "लॅबचं." गावाकडं तिनं तेच सांगितलं, मालकिणीला तेच सांगितलं. मुलानं भावकीत पेढे वाटले.

तिची लॅब मी बघितली. ती एकदा जेवणाचा डबा विसरून गेली होती. मी रिक्षात बसून, माणसांना विचारत विचारत तो दवाखाना गाठला. खाजगी दवाखाना, आत माणसांची ही दाटी. दाराजवळ एक टेबल, आणि टेबलामागं माझी नात उभी राहून नंबर पुकारत होती. लॅब वगैरे काही नव्हतं. कुणाचं पोर रडत होतं, कुणी आत घुसत होतं. एक फेटेवाला तिच्या अंगावर ओरडला, "ओ ताई, माझ्या आधी त्यास्नी कसं सोडलं? शिकलाय का न्हाय काही?"

"शिकलेय," ती म्हणाली. एवढंच.

मग तिची नजर माझ्यावर आली. मी डबा हातात धरून उंबऱ्यात उभी. तिनं मला ओळख दाखवली नाही. म्हणाली, "आजी, चपला बाहेर काढा. नंबर घेतलाय का?"

घरी ती मला अज्जी म्हणते. ते 'आजी' दुसऱ्या कुणालाही म्हणावं तसं होतं. मी चपला बाहेर काढल्या, बाकावर डबा ठेवला आणि बाहेर येऊन चपला घातल्या. येताना रिक्षा मिळाली नाही, चालत आले. गुडघा दोन दिवस ठणकला. संध्याकाळी ती आली, डबा घासून पालथा घातला. त्यानंतर डबा ती कधी विसरली नाही.

अशात येळवस जवळ आली. आमच्या भागात येळवसला माणूस घरात राहत नाही. मार्गशीर्षातली अमावस्या, ज्वारी कणसात आलेली, हरभरा हिरवा. गावंच्या गावं कुलपं लावून शेतात जातात, कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करतात, पूजा करतात आणि तिथंच जेवतात. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला बोलावतो. शेजारी उपाशी ठेवून शेतात गेला तर त्या माणसाचं वर्षभर तोंड काळं. येळवसला घरी सापडला तो एक तर आजारी नाही तर सुतकात.

मुलाचा फोन आला. "या दोघी येळवसला. पावणे येणार हायत शेतात जेवायला. आळंदकडचे. मुलगा बघून घ्या, शेतात बरं असतं, घरात सगळ्यांचे डोळे असतात."

नात म्हणाली, "पप्पा, सुट्टी न्हाय."

"येळवसला सुट्टी न्हाय? कसलं हापिस हाय ते?"

"इमर्जन्सी असती दवाखान्यात."

ते खरंही होतं. बाकीच्या पोरींना शेतं होती, त्यांनी सुट्ट्या आधीच घेतल्या होत्या. पण सुट्टी असती तरी ती गेली नसती. पावणे विचारणार, लॅबमध्ये काय करतेस? आणि गेली की माझा मुलगा परत धाडणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

मग ती मालकिणीकडं गेली आणि सांगून आली, की आम्ही येळवसला गावाला चाललो.

मी म्हणाले, "म्हंजे गावाकडं सांगायचं इथं हाय, आणि इथं सांगायचं गावाकडं हाय. मग आपण नेमकं कुठं हाय?"

"अज्जी, मस्करी करू नको. मालकिणीला कळलं की आपण इथंच हाय, तर ती तिच्या शेतात ओढत नेणार. तिथनं पप्पांना फोन. मी ड्युटीला जाते, तू खोलीत बस. बाहेरून कुलूप लावते. तेवढा एक दिवस."

"लाव," मी म्हणाले.

एवढा बेत केला पोरीनं, पण एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही आणि माझ्याही आली नाही. मी आंबील घातली होती. येळवस आली की ज्वारीचं पीठ ताकात भिजायला घालायचं, ते आंबू द्यायचं, मग शिजवून लसणाची फोडणी द्यायची. लग्न झाल्यापासून एकही वर्ष चुकलं नाही. बाजारातून लहान मडकं आणलं, पीठ भिजवलं. नातीनं बघितलं, म्हणाली, "आपण शेतात जाणारच न्हाय." मी म्हणाले, "म्हणून काय आंबील करायची न्हाय?" यात काही वावगं आहे असं तिला वाटलं नाही. तीही आमच्याकडचीच. पहाटे उठून मी फोडणी दिली, तिनं बाहेरून कुलूप घातलं आणि गेली. आंबिलीचा वास मडक्यात राहत नाही हे आम्हाला दोघींना सुचलं नाही. गावात त्या दिवशी सगळीकडंच तो वास असतो. लपवायची वेळच कुणावर येत नाही.

तर मालकीण खिडकीशी हुंगत उभी होती.

"आजी," तिनं हाक मारली. "आजी, आत हायसा का?"

मी पदर तोंडात धरला.

"मेल्या बिल्या न्हाईत न्हवं?" जाऊ म्हणाली.

"गप गं. सणासुदीचं तोंड आवर."

"न्हाय, म्हणलं, जित्या असतील तर खोकतील तरी."

आणि मला खोकला आला. मुद्दाम नाही. लसणाचा धूर घशात बसला होता, खोकला इतका वेळ दाबून धरला होता.

"अगं बाई! आत हायत की! आजी, कुणी कोंडलं तुम्हाला? पोरीनं कोंडलं?"

"थांबा," मी आतून म्हणाले. "आधी मला लुगडं नीट करू द्या."

बाहेर जाऊ हसली. मालकीण हसली नाही.

"पोरीनं कोंडलं न्हाय," मी दाराजवळ जाऊन सांगितलं. "मीच म्हणाले लाव म्हणून."

"आणि ते का?"

विचारलं खरं, पण मालकिणीला कारणाशी काही देणंघेणं नव्हतंच. तिचा आवाज चढला. "येळवसच्या दिवशी भाडेकरू घरात कोंडून बसलेला, आणि आम्ही शेतात जेवायचं? ह्या गल्लीत कुणाला कळलं तर मी तोंड कुठं दाखवू? आम्ही काय मेलो व्हतो का? एक शब्द तरी बोलायचा!" आणि नवऱ्याला हाक मारली, "ओ, या इकडं! हातोडी आणा!"

नवरा आला. म्हणाला, "नवं कुलूप हाय गं. चांगलं हाय."

"तोडा."

तीन घावांत तुटलं. दार उघडलं तसा उजेड डोळ्यांत गेला, मला काही दिसेना. पहिली मी संडासाकडं गेले. परत आले तोवर जाऊ माझं मडकं उचलून टेम्पोत ठेवत होती. माझ्या आधी मडकं निघालं होतं.

शेत बेंबळीच्या रस्त्याला. माणूस बुडेल एवढी ज्वारी, मधोमध कडब्याची कोप, वर शाल टाकलेली, आत पांडव म्हणून चुन्यानं रंगवलेले पाच दगड. घरमालकानं आंबील शिंपडत शेताला फेरी घातली आणि आरोळ्या दिल्या. ती आरोळी मूळची कानडी. इथं तिचे तुकडे उरलेत, कुणाला अर्थ माहीत नाही, पण म्हणतात मोठ्यानं. मला त्या माणसांत एकटीलाच ते शब्द ओळखीचे वाटत होते, आणि तिथं ते सांगण्यासारखं कुणी नव्हतं.

पंगत बसली. भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. त्यांनी मला आग्रहानं वाढलं. माझी आंबील सगळ्यांनी घेतली.

"आजी, लई आंबट केलीय हो," एक जण म्हणाला.

"आमच्याकडं अशीच असती."

"मग तुमच्याकडं दात लवकर पडत असतील."

हसले सगळे. मीही हसले. पण पन्नास माणसांत मला एकाचंही नाव माहीत नव्हतं, आणि दोन घास गेले तसं वाटलं, खोलीतच बरी होते.

जेवणं झाल्यावर मालकीण माझ्याजवळ येऊन बसली. "आता सांगा," म्हणाली.

मी सांगितलं. लपवून काही उपयोग नव्हता. पोरगी लॅबमध्ये नाही. ती टेबलापाशी उभी राहून नंबर पुकारते. एवढं शिकून तेवढंच मिळालं. गावाला गेली तर पावणे बसलेत, आणि मी गेले तरी तिचा मुक्काम उठला. "तू माझ्या मुलाला फोन केलास तर परवा खोली रिकामी," मी म्हणाले. "तुझी खोली आहे, तू ठरव."

मालकिणीनं हरभऱ्याचा एक घाटा सोलून खाल्ला, मग दुसरा. "मला माहीत हाय ती कुठं असती," ती म्हणाली. "माझ्या दिराच्या पोराला ताप आला व्हता तवा तिथंच गेलतो. तिनं आम्हाला बघून टेबलाखाली पेन शोधलं. लई वेळ शोधलं. मी म्हणलं राहू दे, आपण ओळख दाखवायला नको." मग म्हणाली, "मी फोन करत न्हाय. पण आजी, आमच्या माणसाच्या तोंडाचं मी सांगू शकत न्हाय."

तिच्या माणसाचं तोंड तेव्हा कोपीच्या पलीकडं चालूच होतं. तो फोन हातात पुढं धरून येत होता, खुशीत. "घ्या पावणं, बघा! तुमच्या आई कुठं हायत बघा! आम्ही काय परकं न्हाय, म्हणलं येळवसला आजी आमच्या शेतात!"

मालकीण कपाळाला हात लावून बसली.

फोनच्या काचेत माझा मुलगा होता. त्याच्या मागं आमचं शेत. आमची कोप, बांधावरची चिंच, सुनेनं नेसलेलं हिरवं लुगडं, आणि सतरंजीवर बसलेली टोपीवाली पावणे मंडळी. सगळं तळहाताएवढं. मला वाटलं होतं मी घरची आठवण काढत नाही. त्या काचेकडं बघितलं आणि कळलं, की मी रोज काढत होते.

"अव्वा?" मुलगा म्हणाला. "तू तिथं कशी? ती कुठाय? तिला सुट्टी न्हाय, मग तू कुणाबरोबर?"

घरमालक फोन धरून हसतच होता. मी फोन त्याच्या हातातून घेतला आणि कानडीत बोलायला लागले. इथं कुणाला कळणार नाही म्हणून. कित्येक महिन्यांनंतर मी एवढं सलग कानडी बोलत होते, आणि तेही भांडायला.

मी सांगितलं, ती कामावर आहे. काम नंबर पुकारायचं आहे, लॅबचं नाही. वाटलेले पेढे काही परत येत नाहीत, तेव्हा त्याचा विचार करू नको.

तो म्हणाला, "उद्या येतो. तुला घेऊन जातो."

"ना बरंगिल्ला," मी म्हणाले. मी येणार नाही.

"अव्वा, तुझं वय काय, तू त्या पत्र्याखाली का मरतीस? तू ये. मग ती कशी राहती ते बघू."

"म्हणूनच येत न्हाय. मी आले की ती संपली. तुझ्या पावण्यांना पोटभर वाढ आणि लावून दे."

हे बोलून झाल्यावर माझं लक्ष गेलं. सतरंजीवरच्या सगळ्या टोप्या फोनकडं वळलेल्या होत्या. माझ्या भोवतीच्या पन्नास माणसांना एक शब्द कळला नव्हता. तिकडच्या पावण्यांना मात्र शब्द न् शब्द कळला होता. आळंद कर्नाटकातलं, तिकडच्या माणसांची बोलीच ती. मुलाचा चेहरा काळा पडला आणि काच विझली.

"काय म्हणाले?" घरमालकानं विचारलं.

"येळवसचा नमस्कार सांगितला सगळ्यांना," मी म्हणाले.

मालकीण माझ्याकडं बघत होती. तिला कानडी येत नव्हती, पण तिनं फोन माझ्या हातातून घेतला आणि नवऱ्याला परत दिला.

दिवस मावळायच्या आत त्यांनी मला खोलीवर सोडलं. नात आली तेव्हा मी पायरीवर बसले होते. तिच्या हातात किल्ली होती. ती आधी दाराकडं बघत राहिली, मग जमिनीवरच्या तुटक्या कुलपाकडं. मी तिला सगळं सांगितलं. फोनचंही, पावण्यांचंही.

"आंबील कशाला घातलीस?" ती म्हणाली.

"येळवस होती."

"तुला कुणी सांगितलं होतं आंबील घालायला? एक दिवस, अज्जी. एक दिवस तुला गप बसायला सांगितलं होतं." तिचा आवाज फाटला. "आता सगळ्यांना कळलं. इथं पण, तिथं पण."

"कळलं," मी म्हणाले. "आता परत सांगायची मेहनत न्हाय."

ती आत गेली. कोपऱ्यात बादली तशीच होती, मला बाहेर न्यायला जमली नव्हती. तिनं ती बघितली. उचलून बाहेर नेली, पावडर टाकून घासली, दोनदा धुतली, पाण्याची एवढी टंचाई असताना. पालथी घातली आणि मग माझ्या शेजारी पायरीवर बसली. आमच्यात हातभर जागा होती.

"आंबील उरलीय का?" तिनं विचारलं.

"न्हाय. संपली सगळी."

त्यानंतर मुलाचा फोन आला नाही. संक्रांत गेली, शिवरात्र गेली. सून चोरून फोन करायची, हळू आवाजात विचारायची, जेवता का, पाणी येतं का. आळंदच्या पावण्यांनी नकार कळवला. दुसरं स्थळ तेव्हा कुणी आणलं नाही. मला न्यायला कुणी आलं नाही आणि मी गेले नाही.

मालकिणीनं गल्लीत सांगितलंच. आता बाया माझ्या नातीला अंगणात गाठून म्हणतात, "मॅडम, उद्या आमचा नंबर जरा पुढं घाला की." पहिल्यांदा ती लाल व्हायची. आता म्हणते, "आधी या, आधी मिळंल. माझ्या अज्जीला पण मी नंबर विचारला होता." त्या हसतात. ती थट्टा आहे की आणखी काही, मी तिला विचारलेलं नाही.

ती अजून तिथंच आहे. टेबल तेच. परीक्षा देते, कधी यादीत असते, कधी नसते. संध्याकाळी थकून येते, पण आता भिंतीकडं तोंड करायच्या आधी दोन शब्द कानडीत बोलते. कोण आलं, कोण भांडलं. मी ऐकते. दिवसभर माझी तीच पायरी असते आणि समोर तीच पोपड्यांची भिंत. मालकिणीची जाऊ कधी येऊन बसते. बाकी कुणी नाही. मला करमत नाही. करमतं असं मी कुणाला सांगितलेलंही नाही.

नव्या कुलपाला दोन किल्ल्या आहेत. एक तिच्या पर्समध्ये, एक माझ्या कनवटीला.

त्या खोलीत राहतो ते मी आणि माझी नात. एक चौथी शिकलेली, एक एम.एस्सी. तिसरं कुणी नाही.